लिंकन कुणाला हवा होता?

(पाली, तालुका सुधागड येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



विषय तुम्हीच दिलाय. अमेरिकेच्या निवडणुकीत आपण कुणाच्या बाजूचे? २०२४ साली इथल्या टपरीपासून परळच्या चाळीपर्यंत यावर हमरीतुमरी झाली. मतदारयादीत नाव नाही, खिशात व्हिसा नाही, तरी ट्रम्प की कमला यावर माणसं एकमेकांची गचांडी धरत होती. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या अध्यक्षानं आपल्या मालावरची जकात ५० टक्क्यांवर नेली, तेव्हा सुरतेत हिरे घासणाऱ्याला आणि तिरुपूरच्या शिलाई कामगाराला कुणी विचारलं नव्हतं. ज्याचा मार आपल्या पाठीवर बसतो त्यावर आपण बोलणारच. प्रश्न एवढाच, की 'अमुक यावा' म्हणताना आपण कुणाच्या तोंडानं बोलतो?

जरा मागं चला. १८६१ ते १८६५. अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी पेटलेली. दक्षिणेतला कापूस काळ्या गुलामांच्या हातानं वेचला जायचा आणि इंग्लंडच्या गिरण्यांत जायचा. उत्तरेच्या आरमारानं बंदरं कोंडली, कापूस अडला. इंग्रज गिरणीवाला वळला मुंबईकडं. आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा एवढा उतू गेला की समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या. बॅकबेच्या शेअरवर सट्टा सुरू झाला. प्रेमचंद रायचंद हा त्या बाजाराचा राजा.

नोव्हेंबर १८६४ मध्ये तिथं अध्यक्षाची निवडणूक आली. एका बाजूला लिंकन. दुसऱ्या बाजूला डेमोक्रॅटिक पक्षाचा जनरल मॅक्लेलन. त्याच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात होतं, लढाई थांबवा, वाटाघाटीला बसा. (खुद्द मॅक्लेलनला ते कलम पचलं नव्हतं, ते सोडा.) लढाई थांबली की दक्षिणेची बंदरं खुली. बंदरं खुली की मुंबईचा भाव कोसळला. मग धंद्याच्या हिशेबानं मुंबईच्या शेटजीला कोण हवा? लिंकन! शेटजीनं तसं कुठं लिहून ठेवलंय असं मी म्हणत नाही. त्याच्या वहीतला जमाखर्च तेवढा वाचून दाखवतो. लढाई लांबावी, माणसं मरत राहावीत, भाव टिकावा.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. तिकडं चाळीस लाख गुलामांच्या बेड्या तुटायची वेळ आली आणि इकडं मुंबईत पेढ्यांना टाळी लागली. शेअरचे कागद रद्दीच्या भावानं गेले. काळा माणूस सुटला आणि मुंबईत सुतक! आपल्या पुस्तकांत हे सुतक 'आर्थिक अरिष्ट' म्हणून येतं. बेड्यांचा उल्लेख आला तर आला.

आणि याच मुलखात, पुण्यात, जोतीराव फुले. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' छापली आणि ती अर्पण केली गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. तिथं त्यांचं मत नव्हतं, नातं नव्हतं. इथल्या शूद्रातिशूद्रांना भटशाहीतून सोडवताना आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, एवढंच मागणं.

लिंकन शेटजीलाही चालला असता, जोतीरावांनाही. म्हणून मी पोरांना 'कोण हवा' असं विचारतच नाही. 'का हवा' ते विचारतो. तिथं बरोबर माणूस उघडा पडतो.

आता २०२४ बघा. तमिळनाडूत तुलसेंद्रपुरम नावाचं गाव आहे, कमला हॅरिसच्या आजोबांचं. तिथं देवळात तिच्यासाठी पूजा झाली. आंध्रात वडलुरू आहे, ट्रम्पच्या जोडीदाराची, व्हान्सची बायको उषा, तिच्या पूर्वजांचं. तिथं दुसऱ्या बाजूसाठी प्रार्थना. लढत अमेरिकेत आणि दोन्ही देवळांत आनंदीआनंद, कारण दोन्हीकडची नाळ ब्राह्मण घराला जोडलेली. कमलाचा बाप जमैकाचा, काळा. त्याच्या नावानं कुणी नारळ फोडल्याचं मी तरी वाचलं नाही. उद्या इथं बल्लाळेश्वरालाही कुणाच्या नावानं अभिषेक होईल, सांगता येत नाही.

ट्रम्पवाल्यांचं तर विचारूच नका. २०१६ च्या मे महिन्यात दिल्लीत जंतरमंतरवर हिंदू सेनेनं त्याच्यासाठी होम केला. कारण काय? तो मुसलमानांना धडा शिकवील! म्हणजे राग इथला, होम इथला, आहुती तिकडच्या माणसाच्या नावानं. फेब्रुवारी २०२० मध्ये तो अहमदाबादला आला तेव्हा विमानतळाजवळच्या झोपडपट्टीपुढं भिंत बांधली. पाहुण्याला आपली माणसं दिसू नयेत म्हणून! आणि ५ फेब्रुवारी २०२५ ला त्याच पाहुण्यानं १०४ भारतीय लष्करी विमानात घालून अमृतसरला आणून सोडले. हातात बेड्या, पायात साखळ्या. होमवाले त्या दिवशी कुठं होते?

आता आपल्यातल्यांना बोलतो. 'मराठी माणूस अमेरिकेच्या संसदेत' म्हणून २०२२ साली आपणही स्टेटस ठेवले. बेळगावचे श्री ठाणेदार डेट्रॉइटमधून निवडून आले, स्वतःचे लाखो डॉलर ओतून. डेट्रॉइट ही काळ्या कामगारांची नगरी. १९५५ पासून तिथला एक तरी काळा प्रतिनिधी संसदेत असायचा. ही रांग या निवडणुकीत तुटली. ठाणेदारांना लोकांनी मतं दिली, त्यात चोरी नाही. पण आपण? राखीव जागेवरून इथं रोज भांडणारे आपण, तिथल्या काळ्या वस्तीला काय वाटलं हे एकानं तरी विचारलं? 'आपला' म्हटलं की डोकं बंद. ही सवय आपल्याला सवर्णांकडून लागलीय.

दुसरी एक भाबडी समजूत. डेमोक्रॅट म्हणजे आपले. २०२० साली कॅलिफोर्निया सरकारनं एका बड्या संगणक कंपनीवर दलित इंजिनिअरच्या छळाचा दावा लावला. म्हणजे जात विमानात बसून तिकडं पोचलीय आणि आपली पोरं तिथंही आडनाव झाकतात. मग जातिभेदाला बंदी करणारं विधेयक आलं. विधिमंडळात पास झालं. ७ ऑक्टोबर २०२३ ला गव्हर्नर न्यूसमनं ते सहीविना परत पाठवलं. न्यूसम कोण? डेमोक्रॅट. आणि त्याआधी २१ फेब्रुवारी २०२३ ला सिएटलच्या नगर परिषदेनं अशी बंदी केली होती, अमेरिकेतल्या शहरांत पहिल्यांदा. ठराव आणला पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंतनं, जी दोन्ही पक्षांना शिव्या घालते. व्हाइट हाउसकडं डोळे लावून बसलेल्यांना हे दिसलंच नाही, कारण ते घडलं नगरपालिकेत.

१९७२ ला मुंबईत पँथर उभी राहिली. त्याच वर्षी तिकडं निक्सन ४९ राज्यं जिंकून गेला. आपल्या पोरांनी नाव घेतलं ते ओकलंडच्या रस्त्यावरच्या काळ्या पोरांचं. त्या ब्लॅक पँथरनी त्या वर्षी शर्ली चिझमला पाठिंबा दिला होता, अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या काळ्या बाईला. ती हरणार हे त्यांनाही कळत होतं.

त्याच्याही आधी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी डू बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं. तिथल्या निग्रो काँग्रेसनं संयुक्त राष्ट्रांकडं अर्ज केला होता. बाबासाहेबांनी त्या अर्जाच्या प्रती मागवल्या, अस्पृश्यांसाठीही तसं करता येईल का हे बघायला. ट्रुमन बरा की वाईट याची चर्चा त्यात नाही. कागद मागितला.

तर आपणही मागवू. सिएटलच्या ठरावाची प्रत मी आणलीय. इंग्रजी कायद्याचं आहे, जड आहे. चार-पाच जण शब्दकोश घेऊन बसलो तर दोन रविवारांत मराठी होईल. ज्यांना बसायचंय त्यांनी आत्ता थांबा, बाकीच्यांची शेवटची एस.टी. चुकायला नको.