क्रौंच जवळून पाहताना

वैतरणा समुद्रास मिळते तेथे उत्तर तीरावर दातिवरे वसले आहे. भरती ओसरली की खाडीच्या चिखलात बगळे उतरतात. लांब मान व लांब पाय पाहून क्रौंचालाही पुष्कळजण बगळाच समजतात. खूण साधी आहे. बगळा उडताना मान दुमडून घेतो, क्रौंच ती सरळ ताणतो. शिवाय आफ्रिकेतील मुकुटधारी जाती वगळल्या तर क्रौंच झाडावर बसत नाही.

जगात क्रौंचांच्या १५ जाती आहेत. त्या सर्व एके ठिकाणी जवळून पाहावयाच्या तर अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात बाराबू येथे जावे लागते. जॉर्ज आर्चिबाल्ड व रॉन सॉवी या तरुण अभ्यासकांनी १९७३ साली तेथे क्रौंच संवर्धनाचे केंद्र स्थापन केले. तेथील ‘टेक्स’ या मादीची हकीकत मोठी उद्बोधक आहे. ती व्हूपिंग क्रेन जातीची होती. १९४१ च्या सुमारास या जातीचे जेमतेम वीस-बावीस पक्षी उरले होते. टेक्स प्राणिसंग्रहालयात माणसांच्या हाती वाढली आणि माणसालाच जोडीदार मानू लागली; नराकडे ती ढुंकूनही पाहीना. अखेर आर्चिबाल्ड यांनी तिच्यासमोर क्रौंचासारख्या उड्या मारीत कित्येक आठवडे नृत्य केले. कृत्रिम रेतनाने १९८२ मध्ये तिचे एकच पिल्लू जन्मास आले. एवढ्या सायासाचे एवढेच फळ!

माणसाची सलगी पक्ष्याला अशी महाग पडते. म्हणूनच रानात सोडावयाच्या पिलांना भरविताना कर्मचारी अंगभर पांढरा झगा घालतात, हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली धरतात आणि तोंडातून शब्द काढीत नाहीत.

भरतपूरला हिवाळ्यात येणारे सायबेरियन क्रौंच २००२ नंतर दिसेनासे झाले. महाराष्ट्रात सारस क्रौंच उरला आहे तो मुख्यतः गोंदिया भागातील तलाव व धानाच्या बांध्यांत. येथे त्याला कुंपण नाही, रखवालदारही नाही. गवत-लव्हाळ्याच्या ढिगावर जोडी बहुधा दोन अंडी घालते व सुमारे महिनाभर उबविते. छायाचित्राच्या हौसेने कोणी घरट्यापाशी गेला की जोडी उठते आणि अंडी कावळ्या-कुत्र्यांपुढे उघडी पडतात. त्या दिवसांत बांधीचा मालक हाच खरा राखणदार होय. घरटे आढळताच ग्रामपंचायतीने वनखात्यास कळवावे, घरट्याभोवतीचे धान शेवटी कापावे आणि शिक्षकांनी मुलांना दुर्बीण देऊन बांधावरच थांबवावे.