शालेय परिचारिका आणि कामाचे समाधान



काशीतील ब्रह्मा घाट मराठी माणसाला परका नाही. पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा या घाटांमागील वस्तीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. तेथील गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की, मोटार मोठ्या रस्त्यावरच सोडावी लागते आणि पुढची वाट पायऱ्या चढत-उतरत पायी चालावी लागते. शाळेत मुलांना तपासणाऱ्या परिचारिकेला त्यांच्या घरी जावयाचे झाले, तर तिलाही हीच वाट धरावी लागेल. शालेय परिचारिकेला तिच्या कामात समाधान केव्हा लाभते, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी या वाटेवर आहे.

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने 1959 साली एक विचार मांडला. वेतन, देखरेख, नोकरीची शाश्वती या गोष्टी अपुऱ्या असल्या की असमाधान उपजते. पण त्या पुरेशा झाल्या म्हणून समाधान आपोआप येत नाही. ते येते कार्यसिद्धीतून, जबाबदारीतून आणि कामाची दखल घेतली गेल्यामुळे. त्याचा अभ्यास अभियंते व हिशेबनीस यांच्यापुरता होता. तो परिचारिकांना जसाच्या तसा लागू करणे योग्य नव्हे. तथापि, त्यातून एक उपयुक्त प्रश्न हाती येतो : शालेय परिचारिकेची कार्यसिद्धी कशात असते?

या व्यवसायाचा इतिहास त्याचे उत्तर देतो. न्यूयॉर्क शहरात डॉक्टर शाळांतून मुलांची तपासणी करीत आणि खुपऱ्या, गजकर्ण, उवा आढळल्या की मुलांना घरी धाडीत. उपचार मात्र कोणीच करीत नसे. लिलियन वाल्ड यांच्या पुढाकाराने 1902 च्या ऑक्टोबरात लीना रॉजर्स या परिचारिकेची एका महिन्यासाठी, प्रयोग म्हणून, चार शाळांवर नेमणूक झाली. किरकोळ दुखण्यांवर त्या शाळेतच उपचार करीत, सायंकाळी घरोघरी जाऊन आयांना समजावीत. 1902 च्या सप्टेंबरात 10,567 मुले शाळेबाहेर काढली गेली होती. पुढील वर्षी त्याच महिन्यात ती संख्या 1,101 वर आली. दोष हुडकणे हे काम पूर्वीही होतच होते. मूल पुन्हा वर्गात येऊन बसणे, हे नवे होते.

भारतात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम 1909 साली बडोद्यात झाली. 1946 च्या भोर समितीला मात्र देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच, असे आढळले. पुढे 2013 साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असे फिरते पथक सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांना वर्षातून एकदा तपासते. नेमणुका बहुधा कंत्राटी असतात. तेव्हा हर्झबर्गने सांगितलेल्या असमाधानाला येथे जागा आहेच.

परंतु त्याहून खोल उणीव वेगळी आहे. समजा, एका मुलीची दृष्टी अधू आढळली. तिला चिठ्ठी दिली गेली, नोंदवहीत नाव लिहिले गेले आणि पथक पुढच्या शाळेकडे निघाले. चष्मा मिळाला काय? फळ्यावरची अक्षरे तिला दिसू लागली काय? परिचारिकेला ते कळेल पुढील वर्षी, तेही तीच परिचारिका पुन्हा त्या शाळेत आली तर. रॉजर्स यांच्या कामाचा पूर्वार्ध तिच्या वाट्याला येतो, उत्तरार्ध येत नाही.

जवाहर नवोदय विद्यालयांची गोष्ट निराळी. ती निवासी असल्याने परिचारिकेचे पद विद्यालयातच असते. रात्री-अपरात्री हाक येते, विसावा थोडा मिळतो. पण ताप आलेले मूल चार दिवसांनी मैदानावर धावताना तिला दिसते. श्रम अधिक असूनही फळ डोळ्यांसमोर असते. म्हणून कामाचा भार आणि समाधान यांना एकाच तराजूत तोलणे चुकीचे ठरेल.

उपाय फार खर्चाचे नाहीत. मागील वर्षी पुढे पाठविलेल्या मुलांची यादी पथकाच्या हाती प्रथम द्यावी आणि तपासणीचा आरंभ त्यांच्यापासूनच करावा. 2020 पासून शाळांतील दोन शिक्षकांवर आरोग्यदूताची जबाबदारी सोपविण्याची योजना आहे. त्यांनी मुलाची खबर परिचारिकेला कळवीत राहावे. आणि तिच्या दौऱ्यात काही दिवस केवळ गृहभेटींसाठी राखून ठेवावेत. शाश्वती व रास्त वेतन तर हवेच. त्याला हा पर्याय नव्हे.

ब्रह्मा घाटाच्या गल्लीतून त्या मुलीच्या घरी जाण्याइतका अवकाश परिचारिकेला मिळाला, तर तिच्या नोंदवहीतील ओळ पुरी होईल. तिचे समाधान आणि मुलीची दृष्टी या दोन वेगळ्या बाबी नाहीत.