घोड्याचा दमा आणि अडुळशाची परीक्षा

घोडा तोंडानें श्वास घेत नाहीं, केवळ नाकानें घेतो. वाळल्या गवताची धूळ व बुरशी श्वासनलिकांत गेली कीं तो धापा टाकूं लागतो. परळांत १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें, तेव्हां मुंबईचे रस्ते घोडागाड्यांनीं गजबजलेले होते. त्या गाड्या गेल्या. महालक्ष्मीच्या तबेल्यांत मात्र घोडे आहेत.

खोकल्यावर अडुळसा घरोघरीं प्रसिद्ध. त्यांतील वासिसीन या द्रव्यावरूनच कफ पातळ करणारें ब्रोमहेक्झिन सिद्ध झालें. परंतु तेवढ्यानें अडुळशाचें चूर्ण घोड्यास गुणकारी ठरत नाहीं. चूर्ण देतांनाच गवतही भिजवलें, तर धूळ बसते. मग श्रेय चूर्णाचें कीं पाण्याचें?

यास्तव एकाच तबेल्यांतील, एकच गवत खाणाऱ्या आजारी घोड्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे. एकास चूर्णमिश्रित कोंडा द्यावा, दुसऱ्यास नुसता. कोणास काय दिलें, हें श्वास मोजणारास कळूं नये. निरोगी घोडा विसाव्यांत मिनिटास ८ ते १६ श्वास घेतो. दोन्ही गटांचे आंकडे सारखेच उतरले, तर चूर्णावरील खर्च वांचवावा व गवत भिजवावें. मुक्या जनावरास बरें वाटलें कीं नाहीं, हें मालकाच्या श्रद्धेवरून ठरवूं नये.