नकाराची पावती



ग्रामीण महाराष्ट्रात तलाठ्याच्या दप्तराइतका धाक क्वचितच दुसऱ्या एखाद्या सरकारी वस्तूचा असेल. सातबाऱ्याचा उतारा हवा तर तलाठी गावात असला पाहिजे, आणि असला तरी त्याची मर्जी असली पाहिजे. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना अक्षरशून्य कुणब्यावर चालणारी कुळकर्ण्याच्या लेखणीची सत्ता उघडी केली होती. स्वातंत्र्यानंतरही ती सत्ता पुरती संपली नाही. तोच उतारा आता डिजिटल स्वाक्षरीसह पंधरा रुपयांत संकेतस्थळावरून मिळू लागला, ही लहानसहान गोष्ट नव्हे. नोंदीवरील मक्तेदारी मोडणे हे समाजवादी चळवळीचेच जुने मागणे आहे. तेव्हा संगणक दिसला की नाक मुरडण्याचे काही कारण नाही. आयुर्विमा महामंडळातील संगणकांना एके काळी कामगार संघटनांनी विरोध केला, त्यामागे नोकऱ्यांची चिंता होती. आजचा प्रश्न निराळा आहे.

राष्ट्रीय ई-शासन योजना २००६ साली मंजूर झाली. २०१० च्या सप्टेंबरात नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक वाटले गेले आणि २०१५ साली ‘डिजिटल इंडिया’ची घोषणा झाली. या सर्व कार्यक्रमांचे समर्थन एकाच भाषेत होत आले आहे : वेळ वाचतो, पैसा वाचतो, गळती थांबते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे एक साधा प्रश्न विचारावा. वाचतो तो कोणाचा?

पूर्वी अर्ज भरून घेणे, कागद तपासणे, नोंद करणे हे काम पगारी कारकून करीत असे. ते काम नाहीसे झालेले नाही. ते नागरिकाच्या अंगावर आले आहे. ज्याच्या घरी संगणक आहे त्याला हा भार जाणवतही नाही. शेतमजूर बाईला मात्र त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून सेवा केंद्र गाठावे लागते, केंद्रचालकाचे शुल्क द्यावे लागते, आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक जिवंत ठेवण्यासाठी रिचार्ज करावा लागतो, आणि एवढे करून ‘आज सर्व्हर डाऊन आहे’ हे उत्तर ऐकून परतावे लागते. (हे दोन इंग्रजी शब्द मराठीत इतके रुळले आहेत, की त्यांना प्रतिशब्द शोधण्याची गरज आता कोणालाच वाटत नाही.) सरकारच्या हिशेबात बचत दिसते, बाईची बुडालेली मजुरी कोणत्याच हिशेबात दिसत नाही. एकाच बाजूच्या नोंदी असलेल्या खतावणीला ताळेबंद म्हणता येत नाही.

तरीही खर्चाचा मुद्दा दुय्यम आहे. खरा मुद्दा नकाराचा आहे. तलाठी नाही म्हणाला, तर त्या नकाराला चेहरा होता. त्याच्याविरुद्ध तहसीलदाराकडे जाता येत होते, कचेरीवर मोर्चा नेता येत होता. यंत्राचा नकार कोणाचाच नसतो. दुकानदार म्हणतो, बोट जुळत नाही. केंद्रचालक म्हणतो, अर्ज पुढे सरकत नाही. तहसील कचेरी म्हणते, आमच्याकडे अर्ज आलेलाच नाही. तिघेही आपापल्या जागी खरेच बोलत असतात.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा या दृष्टीने मुळातून वाचावा असा कायदा आहे. अर्जाची पोच देणे, ठरलेल्या मुदतीत सेवा देणे आणि नाकारायची झाल्यास लेखी कारणे देणे ही पदनिर्देशित अधिकाऱ्याची जबाबदारी त्याने ठरवली. वर दोन अपिले, त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग, आणि कसूर करणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये शास्ती. रचना चांगली आहे. परंतु तिचे घड्याळ सुरू होते ते परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यावर. जो अर्ज यंत्राने घेतलाच नाही, त्याचा क्रमांक नाही. क्रमांक नाही म्हणून मुदत नाही, आणि मुदत नाही म्हणून अपील नाही. ज्याला अर्ज भरता आला तो कायद्याच्या छपराखाली आला. ज्याला भरता आला नाही तो उंबऱ्याबाहेरच राहिला. कायद्याची सर्वाधिक गरज मात्र त्यालाच होती.

केंद्र सरकारला हे अगदी कळले नव्हते असेही नाही. आधारची जोडणी वा पडताळणी झाली नाही एवढ्याच कारणाने कोणाला रेशनचे धान्य नाकारू नये, आणि अशा प्रसंगांची नोंदवही दुकानात ठेवावी, असे आदेश २०१७ साली निघाले. दगड फोडणाऱ्याच्या आणि ऊस तोडणाऱ्याच्या बोटांवरील रेषा झिजतात, हे समजायला तज्ज्ञ समिती लागत नाही. पण ती नोंदवही राहिली दुकानदाराच्या हाती. जो रिकामी पिशवी घेऊन घरी गेला, त्याच्या हाती काय आले?

या राज्याला याहून चांगली परंपरा आहे. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्याच पायावर २००५ साली देशभराचा कायदा रचला गेला, तेव्हा त्यात एक साधी तरतूद होती : काम मागणाऱ्याला तारीख घातलेली पावती मिळाली पाहिजे, आणि त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता. मजुराचा हक्क त्या कागदाच्या कपट्यात होता. १ जानेवारी २०२३ पासून याच योजनेच्या सामूहिक कामांवर ॲपवरून दिवसातून दोनदा छायाचित्र काढून हजेरी लावणे सक्तीचे झाले. रेंज नसेल आणि छायाचित्र चढले नाही, तर खणलेली माती डोळ्यांसमोर असूनही मजूर गैरहजर! त्या वर्षी दिल्लीत जंतरमंतरवर मजुरांनी प्रदीर्घ धरणे धरले, ते उगीच नव्हे.

‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीतही २०२५ साली हेच घडले. पती किंवा वडील यांच्या आधारची पडताळणी मागितली गेली. जिचा पती वारला आहे, वडीलही हयात नाहीत, तिने सांकेतिक क्रमांक कोणाच्या मोबाइलवर मागवायचा, हा प्रश्न आज्ञावली लिहिणाऱ्याला सुचला नव्हता. आरडाओरड झाल्यावर मुदत वाढली आणि अशा स्त्रियांसाठी वेगळी सोय झाली. दीड हजार रुपये हा लाखो बायकांचा प्रश्न होता म्हणून आवाज मंत्रालयापर्यंत पोहोचला. एकट्यादुकट्या म्हातारीचे निराधार अनुदान अडते, तेव्हा तो पोहोचत नाही.

यंत्र बंद करा, अशी मागणी करण्यात अर्थ नाही. मागणी याहून लहान आणि म्हणूनच टाळायला अवघड अशी असावी. ज्या क्षणी यंत्र नकार देईल, त्याच क्षणी तारीख, वेळ, कारण आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम असलेली छापील पावती नागरिकाच्या हाती पडली पाहिजे. लोकसेवा हक्क अधिनियमाखाली ती पावती हाच अर्ज मानला जावा आणि मुदतीचे घड्याळ तेथून सुरू व्हावे. रेशनच्या दुकानातील यंत्र धान्य दिल्याची पावती आजही छापते. न दिल्याची छापायला वेगळा कागद लागत नाही. अशा पावत्यांची गाववार यादी महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली आणि ग्रामसभेत वाचली गेली, तर कोणत्या पाड्यावर रेंज नाही, कोणत्या दुकानात बोटे जुळत नाहीत आणि कोणता केंद्रचालक दुप्पट पैसे घेतो, हे सरकारला कोणतेही नवे ॲप न बनवता कळेल.