खाजगीपण घराचे नव्हे, बाईचे

(देवरी तालुक्यातील बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा सारांश)



‘ही आमची घरगुती बाब आहे’ असे म्हणत बाईची मारहाण वर्षानुवर्षे झाकली गेली. स्त्री-चळवळीने ती चव्हाट्यावर आणली. मग आज मी खाजगीपणाचा हक्क का मागते आहे?

आपल्यातल्याच एका ताईचा अनुभव सांगते. तांबी बसवावी का, याची माहिती तिने घरातल्या एकुलत्या एक मोबाईलवर शोधली आणि लगेच पुसूनही टाकली. दोन दिवसांनी नवऱ्याने फोन हातात घेतला, तर गर्भनिरोधकांच्या जाहिराती! रात्रभर तिला जाब विचारला गेला.

तिने पुसले ते फक्त फोनमधले. आपण काय शोधतो, काय पाहतो, याची नोंद जाहिरातवाल्या कंपन्यांकडे आधीच गेलेली असते. ती फोनच्या एका क्रमांकाखाली साठते, तिचा व्यापार होतो. तेंदूपत्त्याचे पुडे निदान मोजून, भाव ठरवून जातात. इथे माल आपला, पण ना विचारणा, ना मोजणी.

परदेशातही वेगळे नाही. पाळीची नोंद ठेवणाऱ्या ‘फ्लो’ अॅपने बायकांची माहिती फेसबुक, गूगल अशा कंपन्यांना पुरवली, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने केला. २०२१ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपण हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य बंधनांसाठी पुन्हा अठरा महिन्यांची मुदत! संमती समजून, मोकळेपणाने दिलेली हवी, असे कायदा म्हणतो. संमतीची सूचना मराठीतही मागता येईल. पण ही सोय आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपुरती. आपल्या बायांची गोंडी त्यात नाही. वाचता न येणारीने काय करायचे? दंड २५० कोटींपर्यंत आहे, पण तो सरकारी तिजोरीत जाणार. जिच्या घरात भांडण पेटले, तिला भरपाईची तरतूद नाही.

म्हणून प्रत्येक गटाने ठराव करावा: सूचना मराठीत आणि गोंडीत, ऐकू येईल अशी हवी, नुकसान झालेल्या बाईला भरपाई हवी. तोवर ‘मान्य’ दाबण्याआधी एकमेकींना विचारू. कर्ज देणाऱ्या अॅपला फोनमधले नंबर पाहू देऊ नका.

बाईला कोंडणारे घराचे खाजगीपण आपण मोडले. आता बाईचे स्वतःचे खाजगीपण मिळवायचे आहे. ही एकाच लढाईची पुढची पायरी आहे.