छताकडचा जोड



फलकावर आजचा विषय ‘शर्यतीच्या गाडीतला पिंजरा’ असा लिहिलाय. शांतारामबापूंच्या ‘पिंजरा’वर काही ऐकायला मिळेल म्हणून कोणी आलं असेल, तर आताच उठावं, मला वाईट वाटणार नाही. (हशा) कालच्या वक्त्यांनी तुम्हाला संतसाहित्यात नेलं आणि आज त्याच जागी एक वेल्डर उभा केलाय. संयोजकांच्या धाडसाला दाद दिली पाहिजे.

ड्रॅग रेसिंग म्हणजे काय, हे समोरच्या तरुणांना ठाऊकच आहे. सरळ पट्टी, पाव मैल, म्हणजे 402 मीटर, दोन गाड्या, आधी पोचेल तो जिंकला. 1951 साली अमेरिकेत वॉली पार्क्स यांनी एनएचआरए ही संघटना काढली वगैरे इतिहास फोनवर सापडेल. मी बोलतोय ते तिच्या नियमांना धरून.

गाडी उलटली तर छत चेपून चालकाच्या डोक्यावर येऊ नये म्हणून आत पाइपांचा सांगाडा उभा करतात, तो रोल केज. पाव मैल 11.49 सेकंदांत कापलात की चालकामागे निदान एक कमान हवी. दहा सेकंदांच्या आत आलात किंवा ताशी 135 मैल ओलांडलेत की पुरा पिंजरा. अलीकडच्या मॉडेलना थोडी सवलत आहे, त्यात शिरत नाही. पाइपचा बाहेरचा व्यास 1⅝ इंच. माइल्ड स्टील असेल तर जाडी 0.118 इंच, क्रोमोली असेल तर 0.083 पुरते, पण मग वेल्डिंग टिग पद्धतीनेच करावं लागतं.

आता फिटिंग. सीट, कार्पेट, वायरिंग सगळं बाहेर काढायचं, बॅटरीसुद्धा. काचा झाकून घ्यायच्या. ग्राइंडरची ठिणगी काचेत रुतली की तो डाग पुसून जात नाही. मुख्य कमान हेल्मेटच्या वर निदान 3 इंच, आणि डोक्यापासून 6 इंचांच्या आत. दाराकडचा पाइप चालकाचा खांदा आणि कोपर यांच्या मधून गेला पाहिजे. म्हणून गिऱ्हाइकाला हेल्मेट घालून सीटवर बसवल्याशिवाय मी टेप काढत नाही. मग तळ. तिथला पत्रा जेमतेम मिलिमीटरभर. त्यावर पाइप नुसता टेकवला तर गाडी उलटताना तो पत्रा फाडून खाली उतरेल. म्हणून पायाखाली 6 बाय 6 इंचांची प्लेट. बोल्ट लावणार असाल तर पत्र्याच्या वर एक, खाली एक.

आता मी माझ्या आवडत्या गोष्टीवर येतो. पहिल्या रांगेत आमच्या वर्कशॉपची मुलं बसलीत, ती हसायला लागलीच. हसा.

पिंजरा छताला जितका लागून, तितकी चालकाला जागा जास्त. पण मग पाइपांच्या जोडाला छताकडून वेल्डिंगची टॉर्च लावायची कुठून? हात जात नाही. बरेच कारागीर खालून, बाजूने सुबक वेल्ड ओढतात, वरची बाजू तशीच सोडतात आणि रंग मारून मोकळे होतात. गिऱ्हाईक खालूनच बघतं, फोटो काढतं, खूश होतं. आणि गाडी छतावर आपटते तेव्हा सगळा मार येतो नेमका त्या अर्धवट जोडावर.

याला उपाय आहे. सगळे जोड आधी टाक्यांवर धरायचे. कमानीच्या पायांशी तळाच्या पत्र्याला भोकं पाडायची आणि अख्खा पिंजरा त्यातून खाली सोडायचा. वर टॉर्च फिरवायला जागा झाली. जोड चहूबाजूंनी भरायचा, पिंजरा परत वर उचलायचा, पायाखाली प्लेट सरकवायची, मग पाय पक्के करायचे. वेळ जातो, पैसे जातात. “वर कोण बघतंय, मामा?” असं मला विचारतात. चांगला तपासनीस आरसा घालून बघतो! आणि वेल्ड घासायचा नाही. खिडकीच्या ग्रीलला आपण जोड घासतो, लांबी भरतो, गुळगुळीत करतो. पिंजऱ्याच्या बाबतीत एनएचआरएच्या नियमात त्याला साफ मनाई आहे. घासलेल्या जोडात धातू किती उरला, हे कुणाला सांगता येणार?

मागून कोणीतरी म्हणतंय, “एवढं करून माणसं मरतातच ना?” ऐका, टाळत नाही.

अमेरिकेतला ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्स. 8 मार्च 1970, लॉस एंजेलिसजवळची लायन्स ड्रॅग स्ट्रिप. तेव्हाच्या ड्रॅगस्टरमध्ये इंजिन पुढे, चालक अगदी मागे, आणि गिअरबॉक्स त्याच्या पायांमध्ये. गाडी सुटली आणि गिअरबॉक्स फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले, उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. माणूस पिंजऱ्यात जिवंत राहिला. बाकीच्यांनी शर्यत सोडली असती. हा दवाखान्यात पडल्या पडल्या नव्या गाडीचा विचार करत होता. इंजिन पाठीमागे टाकायचं! आधी कोणी केलं नव्हतं असं नाही, पण जमलं नव्हतं. स्टिअरिंग फार चपळ पडायचं, गाडी पट्टीवर ठरायची नाही. यांनी स्टिअरिंग मंद केलं, गाडी सरळ धावली, आणि 1971 साली पोमोनाची विंटरनॅशनल्स ही शर्यत जिंकली. पुढच्या काही वर्षांत पुढच्या इंजिनाचा ड्रॅगस्टर गार्लिट्सच्या वर्गातून नाहीसाच झाला. आता त्यांच्या त्या गाडीचं...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. (हशा) अजून पाइप वाकवण्यावर बोलायचं होतं, ते राहू द्या.

एकच सांगतो. मार्च 2007, फ्लोरिडातलं गेन्सव्हिल. फनी कार या वर्गातला चालक एरिक मेडलन चाचणी घेत होता. टायरमुळे गाडी इतकी प्रचंड थरथरली की त्याचं डोकं पिंजऱ्यावर आपटत राहिलं. काही दिवसांनी तो गेला. त्याचे क्रू चीफ होते त्याचेच वडील, जॉन मेडलन. त्यानंतर फनी कारचे पिंजरे डोक्यापाशी रुंद झाले, आतली गादी जाड झाली. पाइपवरच्या त्या गादीलाही स्वतंत्र मानक आहे, एसएफआय 45.1. प्लंबरकडचा काळा फोम गुंडाळून भागत नाही.

म्हणून इथल्या मुलांना सांगतो. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या रीतसर शर्यती झालेल्या आहेत. अशा ठिकाणी पळवायची गाडी आणा, पिंजरा करून देतो, छताकडच्या जोडासकट. रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. आणि नुसत्या रुबाबासाठी रोजच्या गाडीत पिंजरा हवा असेल, तर डोक्यावर हेल्मेट नाही आणि डोक्यापासून वीतभर अंतरावर पोलादी पाइप, हे लक्षात घ्या. साध्या धडकेतही कवटी फुटेल. ते काम मी घेत नाही, पैसे कितीही द्या. उरलेले प्रश्न खाली चहाच्या टेबलापाशी विचारा. सभागृह नऊला बंद होतं.