एक ऑगस्ट : तारीख एक, वारसे दोन

चालू गिरणीतल्या आणि बंद पडलेल्या गिरणीतल्या कामगार बंधू-भगिनींनो,

कोपरीच्या या सभेत आम्ही एका तारखेचा हिशेब मांडणार आहोत : १ ऑगस्ट १९२०.

त्या दिवशी मध्यरात्र उलटल्यावर मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी डोळे मिटले. त्याच दिवशी गांधीजींचा असहकार सुरू झाला. आणि त्याच दिवशी वाळवे तालुक्यातल्या वाटेगावी, मातंगाच्या घरात अण्णा भाऊ साठे जन्मले.

कोणी म्हणेल, हा योगायोग! कबूल. तारीख काही करीत नाही, माणसं करतात. मग टिळकांना आणि अण्णा भाऊंना जोडलं कोणी? गिरणी कामगारानं!

२२ जुलै १९०८ च्या रात्री टिळकांना सहा वर्षं हद्दपारीची शिक्षा झाली. वर्षाला एक दिवस, या हिशेबानं मुंबईच्या कामगारांनी सहा दिवस संप केला. लष्कराच्या गोळ्या छातीवर घेतल्या. पुढं एप्रिल १९२० मध्ये टिळकांनी आपल्या काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाच्या जाहीरनाम्यात भाषावार प्रांतरचनेची मागणी घातली.

ती मागणी चाळीचाळीत नेली कोणी? वाटेगावाहून बापाबरोबर पायी मुंबईला आलेल्या, गिरणीत राबलेल्या अण्णा भाऊंनी! अमर शेख, गवाणकर यांच्यासह १९४४ साली त्यांनी लाल बावटा कलापथक उभारलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या डफावर थाप पडली, की मैदान भरून जाई. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार मात्र बाहेरच राहिले.

टिळकांची जातीविषयीची, स्त्रीशिक्षणाविषयीची मतं आम्हांला मान्य नाहीत. ते झाकायचं कारण नाही. पण १९०८ चा संप कामगारांचा आहे, तो आम्ही कोणाला देणार नाही.

आज एका आळीत टिळकांच्या तसबिरीला हार पडतो, दुसऱ्या आळीत अण्णा भाऊंच्या. ह्या आळीतला त्या आळीत जात नाही. अशी जातवार वाटणी आपणच केली, तर आपल्यात फूट पाडायला मालकाला वेगळा खर्च कशाला?

म्हणून आमचं मागणं एवढंच : येत्या १ ऑगस्टला मांडव एक घाला. दोन्ही तसबिरी शेजारी ठेवा. आणि मधोमध एक पाटी लावा, १९०८ च्या संपात आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पडलेल्या कामगारांची. पहिला हार त्या पाटीला!

जय महाराष्ट्र!